मुठीच्या मागची खाच

जंगलात शस्त्र उगवत नाही. गडचिरोलीत पोलिसांचा आर्मोरर म्हणून काम करताना शस्त्रागारात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मी हे पहिल्याच दिवशी सांगत आलो. मोहाच्या झाडाखाली पुरलेल्या डब्यात बंदूक सापडो, की चकमकीनंतर नाल्याच्या काठी पडलेली दिसो, ती कुठल्या तरी कारखान्यात बनलेली असते, कुठल्या तरी नोंदवहीत तिचा नंबर चढलेला असतो आणि कुणाच्या तरी ताब्यातून ती सुटलेली असते. हा माग काढायचा तर आधी ती नेमकी काय आहे हे ओळखावं लागतं. तिथेच चूक झाली तर पुढचा सगळा तपास भलत्या वाटेला लागतो. म्हणून हे काम मी आयुष्यभर जपून केलं. ते जपणं का गरजेचं आहे, हे मला सगळ्यात स्पष्ट दाखवलं ते सूरजागडच्या पहाडातून आलेल्या एका पिस्तुलानं.

आमच्या जिल्ह्यात हाताखालून जाणाऱ्या शस्त्रांच्या जाती फार. सगळ्यात जुनी भरमार. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची ही बंदूक शिकारीसाठी आणि पिकाच्या राखणीसाठी इथल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. अलीकडे गावकरी त्या स्वतःहून पोलिसांकडे आणून देऊ लागलेत. भरमारनंतर बारा बोअर, थ्री-नॉट-थ्री, एसएलआर, इन्सास, एके. यातली बरीचशी कधी ना कधी सरकारी होती आणि हल्ल्यांत लुटली गेली. माओवाद्यांच्या दलममधल्या, म्हणजे सशस्त्र तुकडीतल्या, साध्या सदस्याकडे भरमार किंवा बारा बोअर असायची. पिस्तूल सहसा वरच्या माणसाच्या कंबरेला. त्यामुळे जमिनीत पुरलेल्या साठ्यातून, म्हणजे डंपमधून, पिस्तूल निघालं की तपासी अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे कुणाचं? माझा प्रश्न त्याच्या आधीचा: हे काय आहे?

सूरजागड एटापल्ली तालुक्यात. आलापल्लीहून सागाच्या जंगलातून एटापल्ली, तिथून गट्ट्याच्या रस्त्याला हेडरी आणि मग पहाड. या पहाडाच्या पोटात लोहखनिज आहे आणि माडिया-गोंडांच्या मनात तो ठाकूरदेवाचा पहाड आहे. दर जानेवारीत इथे यात्रा भरते, सीमेपलीकडच्या छत्तीसगडातूनही माणसं येतात. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाक्यांची आठवण या भागात अजून ताजी आहे. खाण आली तसा पहाडावरचा ताण वाढला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खाणीच्या कामावरची पाऊणशेच्या घरात वाहनं जाळली. त्यानंतर आसपासच्या जंगलात शोधमोहिमा वाढल्या. अशाच एका मोहिमेत जमिनीत पुरलेला डंप हाती लागला.

डंप सापडला म्हणून कुणी लगेच हात घालत नाही. वरच्या सामानाखाली स्फोटकं लावून ठेवलेली असू शकतात, म्हणून आधी बॉम्बशोधक पथक जातं. त्यांनी सगळं मोकळं केल्यावर पंचनामा होतो, फोटो होतात आणि मग एकेक वस्तू बाहेर येते. त्या डब्यात वायरचे तुकडे होते, औषधं होती, कपडे होते, छापील पत्रकं होती. तळाशी पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं एक पिस्तूल आणि त्याचं मॅगझिन होतं. तपासी अधिकाऱ्यानं ते माझ्यापुढे ठेवलं. त्याच्या कच्च्या टिपणात शब्द होते: ‘काळ्या रंगाचे विदेशी बनावटीचे पिस्तूल’. हे शब्द आपल्याकडच्या पंचनाम्यांत आणि बातम्यांत इतके रुळलेत की लिहिताना कुणाचा हात अडखळत नाही. त्या शब्दांवर मी काहीच बोललो नाही. फक्त म्हटलं, “साहेब, पक्का शब्द लिहायच्या आधी मला बघू द्या.”

पिस्तूल हातात घेतल्यावर सगळ्यात आधी ते रिकामं आहे का हे पाहायचं. मॅगझिन वेगळं असलं तरी स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, मग बोटानं चाचपायचं. डोळा फसतो, बोट फसत नाही. तोंड सुरक्षित दिशेला आहे याची खात्री सारखी करत राहायची. चेंबर रिकामं होतं. मग मी ते पांढऱ्या कापडावर ठेवलं आणि बराच वेळ नुसतं पाहत बसलो. नव्या पोरांना ही बैठक सोसत नाही, त्यांना लगेच उघडून बघायचं असतं. पण एकदा पुसलं, घासलं, उघडलं की काही खुणा कायमच्या जातात. मालाला लागलेली मातीसुद्धा पुरावा असते.

सूरजागडची माती लोहाची, लालभडक. ती पोलादाच्या बारीक रेषांत बसली की लांबून गंजासारखीच दिसते. दोन्हींतला फरक भिंगातून कळतो. माती वर बसलेली असते, कोरड्या ब्रशनं निघते. गंज पोलादाला खातो आणि त्याच्याखाली बारीक खड्डे पडतात. या पिस्तुलावर गंज फारच कमी होता. कुणीतरी तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये नीट बांधून ते पुरलं होतं. ठेवणाऱ्याला शस्त्राची समज होती आणि परत येऊन ते न्यायचा त्याचा इरादा होता.

घडण पाहताच घराणं कळलं. हे ब्राउनिंग हाय-पॉवर होतं. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन रचनाकारानं बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी याची आखणी सुरू केली होती. १९२६ मध्ये बेल्जियममध्येच त्याचा मृत्यू झाला आणि अपुरं काम दिउदोने सेव्ह यानं तडीस नेलं. १९३५ मध्ये ते बाजारात आलं. नऊ मिलिमीटरचं काडतूस आणि मॅगझिनमध्ये तेरा राउंड, म्हणजे त्या काळाच्या मानानं जवळजवळ दुप्पट. जगातल्या कित्येक सैन्यांनी ते घेतलं, आपल्याही. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ऐंशीच्या दशकापासून ते ‘पिस्टल ऑटो ९ एमएम १ए’ या नावानं बनतं. पोलीस खात्यात वर्षं काढलेल्या बहुतेकांनी ते हाताळलेलं असतं.

माझ्यासोबत त्या दिवशी एटापल्लीकडचाच एक तरुण शिपाई होता, नुकताच आर्मोररचं प्रशिक्षण घेऊन आलेला. तो म्हणाला, “उस्ताद, हे तर आपलंच ईशापूरचं आहे जी. विदेशी कशाला लिहिलं?”

त्याचा प्रश्न रास्त होता. पण मुठीभोवती सायकलच्या ट्यूबचं रबर घट्ट ओढून गुंडाळलेलं होतं. घामानं हात सरकू नये म्हणून जंगलात असं करतात. रबराचे फोटो काढून, पंचांसमोर ते सोडवलं. मुठीचा मागचा भाग मोकळा झाला आणि तिथे पोलादात सरळ उभी खाच दिसली. लाल मातीनं भरलेली, पण कडा एकदम स्वच्छ, यंत्रावर पाडलेली. ईशापूरच्या पिस्तुलाला अशी खाच मी कधी पाहिली नव्हती.

“ही कशासाठी?” पोरानं विचारलं.

“दस्ता लावायला. लाकडी दस्ता या खाचेत अडकवला की पिस्तूल खांद्याला लावून मारता येतं,” मी सांगितलं.

पिस्तुलाला खांद्याचा दस्ता म्हटलं की जाणकाराच्या डोक्यात दुसऱ्या महायुद्धातली एक मोठी मागणी येते. १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतलं आणि एफएनचा कारखाना त्यांच्या हाती गेला. तिथे हेच पिस्तूल जर्मन सैन्यासाठी बनू लागलं. सेव्ह आणि त्याचे काही सहकारी ब्रिटनला निसटले. मित्रराष्ट्रांना हे पिस्तूल हवं होतं, आणि ते बनवायचं काम कॅनडात टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीकडे गेलं. मुळात बॉयलर आणि यंत्रसामग्री बनवणारा हा कारखाना तेव्हा ब्रेन गन बनवत होता. चिनी सरकारनं तब्बल १ लाख ८० हजार पिस्तुलं मागितली होती. चीनसाठीच्या पिस्तुलाला मागे दस्त्याची खाच आणि वर ५०० मीटरपर्यंत आकडे असलेली उचलती बॅकसाइट, हा नमुना क्रमांक एक. कॅनडा आणि ब्रिटनच्या सैन्यासाठी साधी, न हलणारी बॅकसाइट, खाच नाही, हा नमुना क्रमांक दोन. १९४४ ते १९४५ या काळात इंग्लिसनं दोन्ही मिळून दीड लाखाच्या वर पिस्तुलं बनवली. चीनचा समुद्रकिनारा तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होता. म्हणून चीनला जाणारी युद्धसामग्री भारतात उतरायची आणि आसामातल्या विमानतळांवरून हिमालय ओलांडून कुनमिंगला जायची. ही वाट अरुंद होती, माल साचायचा, आणि पिस्तुलांची चिनी मागणी मध्येच अडखळली.

हे सगळं मी तपासी अधिकाऱ्याला सांगितलं. ऐकणाऱ्यांतल्या एकानं लगेच निष्कर्ष काढला: “म्हणजे हे चायनीज पिस्तूल आहे.”

इथे मला जरा कडक बोलावं लागलं. चिनी बनावटीचं पिस्तूल सूरजागडला सापडलं असं एकदा कागदावर गेलं की दुसऱ्या दिवशी ती बातमी होते. मग सीमेपलीकडून शस्त्रं येतात का, कोण आणतं, कोणत्या वाटेनं आणतं याचा शोध सुरू होतो. माणसं, गाड्या, महिने त्यात जातात. आणि समोर जे होतं त्यातून एवढाच अर्थ निघत होता की ही खाच चीनच्या मागणीसाठी आखलेली असावी. चीनसाठी आखलेलं आणि चीनमध्ये बनलेलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपत होती. खाच क्रमांक एकची, पण वरची बॅकसाइट साधी, न हलणारी. अंगावरच्या दोन खुणा दोन वेगळ्या गोष्टी सांगत होत्या.

मग एकेक शक्यता घेऊन ती खोडायला बसलो. अनोळखी नमुना समोर आला की ही पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते. ‘हे काय आहे’ असं विचारण्याआधी ‘हे काय नाही’ ते पक्कं करायचं.

गावठी नक्कल आहे का? बिहारमधलं मुंगेर हे नकलांसाठी नावाजलेलं. आपल्याकडे जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून सीमेवरच्या उमर्टी भागातून येणारे कट्टे पोलिसांच्या चांगलेच परिचयाचे. चांगला कारागीर बाहेरून हुबेहूब पिस्तूल घडवतो, परदेशी नावाचा शिक्काही मारतो. पण आतली कामं त्याला उघडं पाडतात. हाय-पॉवरला एक खास सोय असते. मॅगझिन काढलेलं असेल तर चाप दाबूनही घोडा पडत नाही. त्यासाठी चापाच्या मागे एक छोटा, नाजूक भाग बसवलेला असतो. नक्कल करणारे तो सहसा घालत नाहीत. मी मॅगझिन बाहेर ठेवून तपासलं, घोडा पडला नाही. नळीत सहा खोबणी, उजवीकडे वळणाऱ्या, एकसारख्या खोलीच्या. नक्कल बाद झाली.

एफएनचं नंतरच्या काळातलं पिस्तूल आहे का? साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून एफएननं रिकामी पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर स्लाइडच्या बाहेरच्या बाजूला आणला. त्याआधी तो आतून असायचा. इथे तो आतला होता. शिवाय पोलादावर चकचकीत निळसर पॉलिश नव्हतं. फॉस्फेटचा राखी-काळा, खरखरीत थर होता, युद्धकाळात घाईनं बनलेल्या मालावर देतात तसा. एफएनही बाद.

उरलं इंग्लिस आणि ईशापूर. हे दोघं इतके जवळचे की भावंडंच म्हणावीत. नुसत्या घडणीवरून त्यांना वेगळं करता येत नाही, शिक्के वाचावे लागतात. आणि शिक्के कुणीतरी कानशीनं घासून काढले होते.

मॅगझिनमधली काडतुसंही बोलत होती, पण वेगळ्याच विषयावर. त्यांच्या बुडावर ‘के एफ’ असा ठसा होता, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. महाराष्ट्रातच जन्मलेली गोळी महाराष्ट्राच्याच जंगलात पुरलेली सापडली, आणि मन जड झालं. पण काडतुसावरून पिस्तुलाचा उगम सांगता येत नाही. काडतूस कुठूनही येऊन कुठल्याही पिस्तुलात बसतं. अहवालात मी त्याची नोंद वेगळ्या परिच्छेदात केली, दोन्हींची सांगड घातली नाही.

माझं प्राथमिक मत लिहून पिस्तूल सीलबंद झालं आणि नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे गेलं. सगळे पोलीस ज्याला अजूनही ‘सी.ए.’, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणतात तेच ते खातं. तिथल्या बॅलिस्टिक्स विभागाच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. घासलेला नंबर परत उभा करण्याचं काम मला जादूसारखं वाटायचं, पण त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. पोलादावर ठोकून नंबर उमटवला की फक्त वरचा पृष्ठभाग दबत नाही. खालच्या थरांतले कणही दाबाखाली येतात, त्यांची रचना बदलते. कानस वरचा खड्डा काढून टाकते, पण खाली दबलेला थर उरतोच. प्रयोगशाळेत पृष्ठभाग गुळगुळीत करून रसायन लावलं की दबलेला आणि न दबलेला भाग वेगवेगळ्या वेगानं खाल्ले जातात आणि काही क्षणांपुरता नंबर धूसर उभा राहतो. ते क्षण फोटोत पकडायचे.

नंबर किती मोलाचा असतो हे सांगताना मी पोरांना भगतसिंगांच्या पिस्तुलाची गोष्ट सांगायचो. १९२८ मध्ये लाहोरला साँडर्सवर ज्यातून गोळ्या झाडल्या गेल्या ते कोल्ट कंपनीचं ३२ बोअरचं ऑटोमॅटिक इंदूरच्या बीएसएफ संग्रहालयात होतं, इतर शस्त्रांच्या रांगेत. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग दिलेला होता. रंग काढल्यावर खाली १६८८९६ हा नंबर निघाला, तो जुन्या कागदांतल्या नंबराशी जुळला आणि इतकी वर्षं कपाटात असलेली ती वस्तू कोणती आहे हे देशाला कळलं. पोलाद तेच होतं, जागा तीच होती. सहा आकड्यांनी त्याला त्याचा इतिहास परत दिला.

आमच्या पिस्तुलाच्या बॉडीवर जो नंबर उभा राहिला त्यात सुरुवातीला एक आकडा, मग ‘टी’ हे अक्षर आणि पुढे आकडे होते. ही इंग्लिसची पद्धत. चीनसाठीच्या पिस्तुलांच्या नंबरात ‘सी एच’ ही अक्षरं असतात. ‘टी’ हा कॅनडा आणि ब्रिटनच्या सैन्याला दिलेल्या पिस्तुलांचा. म्हणजे मागे चिनी मागणीची खाच आणि नंबर मित्रराष्ट्रांच्या सैन्याचा. जाणकारांना हा प्रकार ठाऊक आहे, पण तो दुर्मीळ. चीनसाठी खाच पाडून तयार ठेवलेल्या काही चौकटी (म्हणजे बॉड्या) नंतर क्रमांक दोनच्या पिस्तुलांना वापरल्या गेल्या. युद्ध चालू असताना कुठलाही कारखाना तयार पोलाद फेकून देत नाही. माझ्या डोळ्यांत खुपणाऱ्या त्या दोन खुणांचा मेळ असा बसला.

पण गोष्ट इथे संपली नाही. स्लाइडवरचा घासलेला मजकूर प्रयोगशाळेनं उभा केला तेव्हा तिथे टोरांटोचं नाव नव्हतं, ईशापूरचा ठसा होता. नळीही ईशापूरची. बॉडी कॅनडाची आणि वरचा निम्मा देह बंगालचा. हे जोडकाम जंगलात झालं असेल का? माओवाद्यांकडे शस्त्रं दुरुस्त करणारी आणि बनवणारी माणसं असतात, त्यांचं हस्तकौशल्य मी नाकारणार नाही. उत्तर पुन्हा नंबरानंच दिलं. स्लाइडवरही तोच ‘टी’चा नंबर ठोकलेला निघाला, बॉडीशी अक्षरशः जुळणारा. जुनी स्लाइड निकामी झाल्यावर नवी बसवायची आणि तिच्यावर बॉडीचा नंबर ठोकायचा, ही शिस्त सरकारी दुरुस्ती कार्यशाळेची. जंगलातला कारागीर पिस्तूल चालतं करतो, नंबर जुळवत बसत नाही. म्हणजे हे पिस्तूल कधीतरी भारतातल्या कुठल्या तरी दलाच्या मालकीचं होतं, रीतसर दुरुस्त झालं होतं, आणि नंबर घासला गेला तो त्यानंतर.

‘विदेशी बनावटीचे’ हे खोटं नव्हतं, अपुरं होतं. ‘ईशापूरचे’ हेही अर्धं. ‘चिनी’ हे तर पूर्ण चूक. अहवालात मी आणि प्रयोगशाळेनं जे लिहिलं त्यात चमकदार काही नव्हतं. चौकट इंग्लिस, कॅनडा, टी-क्रमांक मालिका, दस्त्याची खाच. स्लाइड व नळी ईशापूर. स्लाइडवर चौकटीचा क्रमांक पुन्हा ठोकलेला. क्रमांक नंतर घासलेला. शस्त्र चालू स्थितीत. एवढंच. पण या ओळींनी तपासाची दिशा सीमेकडून देशातल्याच शस्त्रागारांच्या नोंदींकडे वळवली.

कायद्याच्या बाजूनंही ओळखीला वजन असतं. १९५९च्या शस्त्र कायद्यात निषिद्ध आणि अनिषिद्ध असा भेद आहे. ३२ बोअरचं पिस्तूल सामान्य परवानाधारकाला मिळू शकतं, नऊ मिलिमीटरचं मिळत नाही. निषिद्ध शस्त्र बाळगण्याचं कलम वेगळं, शिक्षा कितीतरी कडक. साध्या, विनापरवाना शस्त्राच्या खटल्याला ३९व्या कलमाखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. त्या मंजुरीच्या कागदात शस्त्राचं वर्णन चुकलं तर बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो आणि तो त्याचा हक्क आहे. समोरच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस कदाचित एखाद्या पाड्यावरचा तेंदूपत्ता तोडणारा असेल, ज्याच्या शेताजवळ डंप निघाला एवढाच त्याचा संबंध. माझ्या एका चुकीच्या शब्दानं त्याची वर्षं जाऊ शकतात. खरा गुन्हेगार सुटू शकतो तोही त्याच शब्दानं. दोन्ही गोष्टी मला सारख्याच भयंकर वाटतात.

पिस्तूल कुठून आलं या प्रश्नानं इतिहास वळल्याचं उदाहरण आपल्या घरात आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तेही ब्राउनिंग पिस्तूल होतं, नुकत्याच जगापुढे आलेल्या ऑटोमॅटिक जातीचं. ते नाशिकला कसं पोहोचलं याचा माग लंडनच्या इंडिया हाउसपर्यंत गेला. तिथून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतून वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात आली होती आणि ती पाठवल्याचा आरोप सावरकरांवर ठेवला गेला. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, सावरकर अंदमानला गेले. त्या खटल्याकडे कुणी कुठल्याही नजरेनं पाहो, एक गोष्ट त्यातून शिकण्यासारखी आहे. पिस्तुलाची वाट म्हणजे माणसांची साखळी असते, आणि पहिली कडी हाती लागली की उरलेल्या कड्या उलगडत जातात.

आमच्या नंबराची पत्रं वेगवेगळ्या दलांकडे गेली. बऱ्याच काळानं एका दलाकडून उत्तर आलं. त्यांच्या जुन्या नोंदवहीत तो नंबर होता, ‘टी’सकट, आणि शेरा होता: हल्ल्यात लुटले गेले. सैन्यात जुनी झालेली शस्त्रं पोलीस दलांकडे येतात, तसंच हे आलेलं दिसत होतं. ज्या अधिकाऱ्याच्या नावावर ते दिलेलं होतं ते त्या हल्ल्यातच गेले होते. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही, तो त्यांच्या घरच्यांचा हक्क आहे. टोरांटोच्या कारखान्यातून निघालेलं, चीनच्या नावानं खाच पडलेलं, कॅनडा-ब्रिटनच्या मालिकेत मोजलेलं, बंगालच्या पोलादानं दुरुस्त झालेलं आणि एका भारतीय पोलिसाच्या कंबरेवरून सूरजागडच्या मातीत गेलेलं ते पिस्तूल अखेर आपल्या नोंदीपाशी परत आलं. तपासी अधिकाऱ्याला एक जुना गुन्हा आणि एक नवा डंप यांना जोडणारा धागा मिळाला.

मी त्या तरुण शिपायाला बोलावून ते उत्तर वाचायला दिलं. वाचून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “उस्ताद, त्या वहीत कुणी ‘टी’ लिहायचा आळस केला असता तर?”

मला सांगायचं होतं ते त्यानं नेमकं पकडलं होतं. प्रयोगशाळेनं नंबर उभा केला, मी खाच ओळखली, पण या दोन्हींना अर्थ आला तो कित्येक वर्षांपूर्वी कुठल्याशा शस्त्रागारात बसून वही भरणाऱ्या एका कारकुनामुळे. आकड्यांमधलं एक अक्षर त्याच्या कामात तेव्हा काहीच फरक पाडत नव्हतं, तरीही त्यानं ते जसंच्या तसं उतरवलं. ‘इंग्लिस’, ‘ईशापूर’ असं काही न लिहिता नुसतं ‘पिस्तूल ९ मिमी, १ नग’ लिहून तो मोकळा झाला असता तरी त्याला कुणी विचारलं नसतं.

आता काळ बदललाय. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. त्या दिवशी ५४ शस्त्रं जमा झाली. जंगलातली शस्त्रं खाली येताहेत, आणखीही येतील, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण हीच वेळ घाई टाळण्याची आहे. खटले संपल्यावर न्यायालयाच्या आदेशानं शस्त्रं नष्ट होतात. वितळलेल्या पोलादाला कुठलाही प्रश्न विचारता येत नाही. त्याआधी प्रत्येक शस्त्राची खाच, ठसा, नंबर, दुरुस्तीची खूण टिपली गेली पाहिजे, फोटोसह, जाणकाराच्या हातून. ज्या घरातला माणूस हल्ल्यात गेला त्या घराला त्याच्या शस्त्राचं पुढे काय झालं हे कळायला हवं. ज्याच्यावर खोटा आळ आला त्याचा आळ पुसला जायला हवा.

त्यासाठी मोठं काही लागत नाही. प्रत्येक उपविभागात ठशांचा एक चित्रसंग्रह हवा, आर्मोररला शिकायला वेळ हवा. आणि सगळ्यात आधी, पोलीस ठाण्यांतल्या आणि शस्त्रागारांतल्या जुन्या नोंदवह्या रद्दीत जाता कामा नयेत. शाई उडालेल्या, वाळवी लागलेल्या त्या वह्यांचे फोटो काढून ठेवले तरी पुष्कळ. जंगलातून येणाऱ्या पुढच्या पिस्तुलाचं उत्तर त्यांतल्याच कुठल्या तरी पानावर आधीच लिहून ठेवलेलं आहे.